धूलिआच्छादित क्वासार : शोधाचा इतिहास

काही दीर्घिकांच्या केंद्रभागी क्वासाराइतकाच प्रखर ऊर्जा-उद्गम असतो. परंतु भोवतालच्या दाट धुळीमुळे त्याचा दृश्य व जंबुपार प्रकाश बाहेर पडू शकत नाही. अशा उद्गमास धूलिआच्छादित क्वासार म्हणतात. धुळीने शोषून घेतलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. धूळ तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या (तांबड्या रंगापलीकडील, अधिक तरंगलांबीच्या तरंगरूपी ऊर्जेच्या) रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे असे क्वासार मुख्यतः अवरक्त प्रारणात अत्यंत तेजस्वी असलेल्या दीर्घिकांमध्ये दडलेले आढळतात. धुळीच्या उष्णतेवरून ऊर्जा किती आहे हे कळते. ती कोणाची आहे हे मात्र सहसा कळत नाही. या विषयाचा इतिहास बव्हंशी या एका अडचणीभोवती घडला आहे.

क्वासारांचा शोध रेडिओ ज्योतिषशास्त्रातून लागला. १९६२ मध्ये ३सी २७३ या रेडिओ उद्गमाचे चंद्रपिधान होत असताना (चंद्राने तो झाकला जात असताना) ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दूरदर्शकाने त्याचे वेध घेण्यात आले व त्याचे आकाशातील स्थान अचूक ठरले. त्या स्थानी ताऱ्यासारखा एक निळसर बिंदू दिसत होता. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी पॅलोमार वेधशाळेत मिळविलेल्या वर्णपटावरून त्यातील रेषा सु. १५.८ टक्क्यांनी तांबड्या बाजूकडे सरकलेल्या आहेत, हे ओळखले. म्हणजे तो तारा नसून दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूरचा आणि शंभराहून अधिक दीर्घिकांइतका तेजस्वी पदार्थ होता. एवढ्या ऊर्जेचे मूळ अतिप्रचंड कृष्ण विवरात पडणाऱ्या द्रव्यात असावे, ही कल्पना त्यानंतर लवकरच पुढे आली व कालांतराने मान्य झाली [→ क्वासार].

१९६५ मध्ये ॲलन सँडेज यांनी रेडिओ प्रारण जवळजवळ न देणारे, परंतु तसेच निळे असलेले अनेक पदार्थ दाखवून दिले. तेव्हापासून क्वासार शोधण्याची सोपी रीत रूढ झाली : आकाशाची छायाचित्रे घ्यावयाची, त्यांतील जंबुपार प्रकाशाचे आधिक्य असलेले बिंदू निवडावयाचे आणि त्यांचे वर्णपट तपासावयाचे. श्मिट व रिचर्ड ग्रीन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली पॅलोमार-ग्रीन पाहणी ही या रीतीची सर्वांत विख्यात निष्पत्ती होय. क्वासाराला नाव मिळाले रेडिओमुळे. परंतु त्याची व्याख्या ठरविली ती निळ्या रंगाने. जो निळा नाही तो यादीत येण्याचा संभवच नव्हता आणि यादीतील सर्व क्वासार निळे असल्याने क्वासार निळेच असतात, असा समज दृढ होत गेला. या चक्रातून बाहेर पडण्यास दृश्य प्रकाशाबाहेरची साधने लागणार होती.

अवरक्त ज्योतिषशास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. फ्रँक लो यांनी १९६१ मध्ये द्रव हीलियमाने थंड केलेला जर्मेनियमाचा प्रारणमापक तयार केला. १९६८ मध्ये लो आणि डी. ई. क्लाइनमन यांनी काही सायफर्ट दीर्घिकांची (ज्यांच्या लहानशा केंद्रात क्वासाराची सौम्य आवृत्ती असते अशा दीर्घिकांची) अवरक्त दीप्ती अनपेक्षितपणे मोठी असल्याचे दाखविले. दूरच्या अवरक्त प्रारणाचा बहुतेक भाग मात्र वातावरणातील पाण्याच्या वाफेत शोषला जातो. तो टिपावयाचा तर उपकरण वातावरणाच्या वर न्यावे लागते. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त ज्योतिषशास्त्र गटाने यासाठी बलूनचा मार्ग धरला. या गटाचा १०० सेंमी. व्यासाचा दूरदर्शक १९८० च्या दशकात हैदराबाद येथील बलून केंद्रावरून सु. ३० किमी. उंचीपर्यंत नेण्यात येऊ लागला आणि सु. १२० ते ३०० मायक्रॉन तरंगलांबीच्या टप्प्यात त्याने वेध घेतले. त्याचे लक्ष्य आपल्याच आकाशगंगेतील, जेथे नवे तारे जन्मतात ते धूलिमेघ होते, क्वासार नव्हेत. तरीपण तापलेली धूळ कशी प्रारण देते, तिचे तापमान व वस्तुमान कसे काढावे, या बाबी अशाच मेघांवरून शिकावयाच्या असल्याने दूरच्या दीर्घिकांच्या अभ्यासाचा पाया येथेच आहे.

अवरक्त दीर्घिकांचे खरे भांडार उघडले ते आयरॅस या उपग्रहामुळे. अमेरिका, नेदर्लंड्स व ब्रिटन यांनी मिळून २५ जानेवारी १९८३ रोजी तो सोडला. त्याचा दूरदर्शक अवघा ५७ सेंमी. व्यासाचा होता आणि द्रव हीलियम संपल्यावर, सुमारे दहा महिन्यांत, त्याचे काम थांबले. तेवढ्या काळात त्याने आकाशाचा सु. ९६ टक्के भाग १२, २५, ६० व १०० मायक्रॉन या चार तरंगलांब्यांत पाहिला. दृश्य छायाचित्रांत मंद व बेढब दिसणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात सूर्याच्या दहा हजार कोटी पटींहून अधिक तेजस्वी निघाल्या. त्यांना तेजस्वी अवरक्त दीर्घिका म्हणतात. ज्यांची अवरक्त दीप्ती सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक भरली, त्या अतितेजस्वी ठरल्या. ही दीप्ती थेट क्वासारांच्या तोडीची आहे. यांचे नमुनेदार उदाहरण म्हणजे सु. २५ कोटी प्रकाशवर्षे दूरची आर्प २२० ही दीर्घिका होय. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये विचित्र आकाराच्या दीर्घिकांच्या संग्रहात तिची नोंद केली होती. तिच्या ऊर्जेपैकी जवळजवळ सर्व ऊर्जा अवरक्तात बाहेर पडते. तिच्यात दोन केंद्रे आहेत. म्हणजे ती दोन दीर्घिकांच्या टकरीतून होत असलेली एक दीर्घिका आहे. अशा टकरीत वायू व धूळ केंद्राकडे लोटली जाते. तेथे ताऱ्यांचा जन्म झपाट्याने होऊ शकतो आणि कृष्ण विवरालाही भरपूर खाद्य मिळू शकते.

मग धूळ तापविली कोणी? १९८८ मध्ये डी. बी. सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा अतितेजस्वी अवरक्त दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या दीर्घिका टकरीच्या निरनिराळ्या अवस्थांत असल्याचे दाखवून त्यांनी एक क्रम सुचविला : टक्कर होते, केंद्रात वायू व धूळ साचते, आत क्वासार पेटतो, पुढे त्याचे प्रारण व त्याने उधळलेले वारे धूळ दूर सारतात आणि अखेर तो निळा क्वासार म्हणून दिसू लागतो. या मताप्रमाणे धूलिआच्छादित क्वासार हा क्वासारांचा निराळा वर्ग नसून त्यांचे बालपण ठरतो. ही मांडणी आकर्षक होती. तितकीच घाईचीही होती. कारण टकरीत जन्मणारे लक्षावधी प्रखर, अल्पायुषी तारेही तेवढीच धूळ तापवू शकतात, असे मानणारा पक्ष तेव्हा प्रबळ होता.

हा वाद इतका काळ का टिकला, हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या वनप्रदेशातील एका परिचित गोष्टीवरून स्पष्ट होते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत फेब्रुवारी ते जून या काळात, विशेषतः मोहफुलांच्या व तेंदूपानांच्या हंगामात, वणवे लागतात. धुरामुळे जमिनीवरून आग नेमकी कोठे आहे ते दिसत नाही. परंतु सु. ४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त प्रारण धुराच्या सूक्ष्म कणांतून बव्हंशी पार होते. त्यामुळे उपग्रहावरील संवेदकाला ज्वाळा धुराआडूनही जाणवतात. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशा तप्त बिंदूंच्या सूचना राज्यांच्या वन विभागांना देत आली आहे. अवरक्त दीर्घिकांची गोष्टही अशीच असती, तर प्रश्न केव्हाच सुटला असता. परंतु तेथील आवरण इतके जाड आहे की, आतल्या ज्वाळेचा प्रकाश थेट बाहेर येतच नाही. तिला जवळची उपमा वणव्याची नसून कोळशाच्या थरात खोल धुमसणाऱ्या आगीची आहे. अशा आगीवरील जमीन तापलेली लागते, तिची उष्णता मोजता येते. पण खाली थराचा कोणता भाग जळत आहे ते केवळ पृष्ठभाग पाहून सांगता येत नाही. धूळ ही तशी जमीन होय. ताऱ्याचा प्रकाश असो वा क्वासाराचा, एकदा तो शोषून पुन्हा उत्सर्जित झाला की, त्याची मूळ ओळख बव्हंशी पुसली जाते. थोडा सुगावा तापमानावरून लागतो : क्वासाराच्या निकटची धूळ शेकडो केल्व्हिनपर्यंत तापते, तर ताऱ्यांनी तापविलेल्या मेघांतील धूळ बहुधा काही दशक केल्व्हिनच असते. म्हणून २५ मायक्रॉनला तुलनेने अधिक तेजस्वी असलेल्या दीर्घिकांत क्वासार असण्याचा संभव अधिक समजला जातो. परंतु आवरण फारच जाड असेल, तर आतली उष्ण धूळही बाहेरच्या थंड धुळीमागे लपते.

निर्णायक पुरावा हवा तर ओळख टिकवून बाहेर येणारा संदेश शोधणे भाग होते. असा पहिला संदेश ध्रुवित प्रकाशात मिळाला. १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची व जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ या सायफर्ट दीर्घिकेचा ध्रुवित प्रकाशातील वर्णपट घेतला. साध्या वर्णपटात न दिसणाऱ्या, क्वासाराची खूण असलेल्या रुंद रेषा त्यात आढळल्या. केंद्राचा प्रकाश आपल्या दिशेने अडलेला असला, तरी दुसऱ्या दिशेने निसटून वरच्या वायूवर आपटतो व तेथून विखुरताना ध्रुवित होऊन आपणाकडे येतो. घरातला दिवा दिसत नसला, तरी समोरच्या भिंतीवरील उजेडाने तो ओळखावा तसे हे आहे. हीच रीत हाइन्स व विल्स यांनी १९९३ मध्ये आयरॅस ०९१०४+४१०९ या अतितेजस्वी दीर्घिकेला लावली आणि तीत दडलेला क्वासार उघडकीस आणला. सर्वच निष्कर्ष असे टिकले नाहीत. १९९१ मध्ये सापडलेली आयरॅस एफ १०२१४+४७२४ ही विश्वातील सर्वांत तेजस्वी दीर्घिका म्हणून गाजली. परंतु मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिचा प्रकाश भिंगातून पाहिल्यासारखा अनेक पटींनी वाढलेला आहे, हे पुढे चार-पाच वर्षांत सिद्ध झाले. दडलेला क्वासार तीत आहेच. पण तिचा मान उतरला.

दुसरा संदेश अवरक्त वर्णपटातील रेषांचा. नोव्हेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आयएसओ या यूरोपीय उपग्रहाने मध्य-अवरक्तातील वर्णपट मिळविले. चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या निऑन आयनाची १४.३ मायक्रॉनची रेषा निर्माण होण्यास लागणारे प्रारण सामान्य तारे देऊ शकत नाहीत, क्वासार देतो. उलट बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे पट्टे ताऱ्यांच्या जन्मस्थानी ठळक असतात आणि क्वासाराच्या प्रखर प्रारणात ते रेणू तुटून जातात. राइनहार्ट गेन्झेल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या कसोट्या पंधरा अतितेजस्वी दीर्घिकांना लावल्या, तेव्हा ७० ते ८० टक्के दीर्घिकांत मुख्य ऊर्जा नव्या ताऱ्यांची, तर २० ते ३० टक्क्यांत केंद्रीय कृष्ण विवराची आढळली. दोन्ही पक्षांना अंशतः न्याय देणारा हा निकाल होता. दीप्ती वाढते तसा कृष्ण विवराचा वाटा वाढतो, हेही पुढील वेधांतून स्पष्ट झाले.

वादाला याहून मोठे कारण होते ते मोजदादीचे. ए. सोल्टन यांनी १९८२ मध्ये असा युक्तिवाद मांडला होता की, सर्व क्वासारांनी आजवर दिलेल्या प्रकाशाची बेरीज केली, तर तेवढा प्रकाश देण्यासाठी कृष्ण विवरांनी किती द्रव्य गिळले असले पाहिजे ते काढता येते आणि ते द्रव्य आजच्या दीर्घिकांच्या केंद्रांत सापडले पाहिजे. या हिशेबात फक्त निळे क्वासार धरले आणि दडलेले पुष्कळ असले, तर जमाखर्च जुळणार नाही. क्ष-किरणांच्या बाजूनेही हीच तूट दिसत होती. १९६२ मध्ये शोध लागलेले आकाशव्यापी क्ष-किरण प्रारण ज्ञात क्वासारांच्या वर्णपटाशी जुळत नसल्यामुळे, त्यातील बराच भाग आच्छादित केंद्रांचा असावा, असे सेटी व वोल्टयेर यांनी १९८९ मध्ये सुचविले. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने १९९९ मध्ये सोडलेल्या चंद्र वेधशाळेने या प्रारणाचा बहुतेक भाग सुट्या उद्गमांत विभागून दाखविला. त्यांतील पुष्कळ उद्गम आच्छादितच निघाले.

धुळीला मुळीच न जुमानणारे प्रारण म्हणजे रेडिओ प्रारण. आणि या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा प्रत्यक्ष आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या रेडिओ ज्योतिषशास्त्र गटाने उदकमंडलम् येथे १९७० मध्ये ५३० मी. लांबीचा दूरदर्शक पुरा केला. ज्या चंद्रपिधानाच्या रीतीने ३सी २७३ चे स्थान ठरले, त्याच रीतीने त्याने शेकडो रेडिओ उद्गमांचे आकारमान मोजले. याच गटातील विजय कपाही व सी. आर. सुब्रह्मण्य यांनी ऑस्ट्रेलियातील ज्योतिर्विदांसमवेत मोलोंग्लो यादीतील क्वासारांच्या संपूर्ण संचाचे काम केले. या संचाचे महत्त्व त्याच्या निवडीत आहे : उद्गम केवळ ४०८ मेगॅहर्ट्झवरील रेडिओ प्रबलतेनुसार घेतले होते, रंगाची अट नव्हती. जे. सी. बेकर यांनी १९९७ मध्ये या संचात धुळीने तांबूस झालेले क्वासार दाखवून, तांबूसपणाचा संबंध आपण क्वासाराकडे कोणत्या कोनातून पाहतो याच्याशी जोडला. त्याआधी, १९९५ मध्ये, आर. एल. वेबस्टर व सहकाऱ्यांनी पार्क्सच्या रेडिओ यादीवरून ८० टक्क्यांपर्यंत क्वासार धुळीमुळे नजरेतून सुटले असावेत, असा अंदाज दिला होता. तो अतिरंजित ठरला. कारण त्यातील बराच तांबूसपणा धुळीचा नसून खुद्द रेडिओ झोताच्या प्रकाशाचा होता. प्रश्न मात्र त्यामुळे ऐरणीवर आला.

पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेला महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचा, सु. २५ किमी. परिसरात पसरलेला) ऑक्टोबर २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. आच्छादक द्रव्याचा शोध घेण्याचा त्याचा मार्ग शोषणाचा आहे. उद्गम व आपण यांमध्ये थंड हायड्रोजन वायू असेल, तर तो २१ सेंमी. तरंगलांबीला रेडिओ प्रारणाचा काही भाग शोषतो. जेथे असा वायू दाट तेथे धूळही दाट असण्याचा संभव असतो. नीरज गुप्ता व डी. जे. सैकिया यांनी २००६ मध्ये या दूरदर्शकाचे व इतरांचे वेध एकत्र करून दाखविले की, लहान आकारमानाच्या रेडिओ उद्गमांत असे शोषण क्वासारांपेक्षा रेडिओ दीर्घिकांत अधिक वेळा आढळते. रेडिओ दीर्घिका म्हणजे बाजूने, आवरणाआडून पाहिलेला क्वासार, या मताशी हे सुसंगत आहे.

दडलेल्या क्वासारांची गणना २००० नंतरच्या अवरक्त दूरदर्शकांनी पुष्कळ पुढे नेली. २००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर दूरदर्शकाच्या वेधांतून अर्जुन डे व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २४ मायक्रॉनला तांबड्या दृश्य प्रकाशाच्या हजार पटींहून अधिक तेजस्वी असलेल्या दीर्घिकांचा वर्ग निश्चित केला. डिसेंबर २००९ मध्ये सोडलेल्या वाइज उपग्रहाने संपूर्ण आकाशातून याहूनही तप्त व विरळ अशा सु. एक हजार दीर्घिका वेचल्या. त्यांपैकी डब्ल्यू २२४६−०५२६ हिची दीप्ती सूर्याच्या ३५० लाख कोटी पट असून तिचा प्रकाश आपणाकडे येण्यास १,२४० कोटी वर्षे लागली आहेत. वाइजच्या याच वेधांचा उपयोग पुणे येथील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातून (आयुका) नीरज गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या एका मोठ्या पाहणीत करण्यात आला. दक्षिण आफ्रिकेतील ६४ तबकड्यांच्या मीरकॅट दूरदर्शकाने केलेल्या या पाहणीसाठी क्वासार निळ्या रंगावरून न निवडता मध्य-अवरक्त रंग व रेडिओ प्रबलता यांवरून निवडले आणि त्यांतील सु. ३०० उद्गमांचे दृश्य वर्णपट स्वतंत्रपणे घेतले. पन्नास वर्षांपूर्वी यादीच्या दारातच अडविले गेलेले उद्गम यात प्रथमपासून विचारात घेतलेले आहेत.

डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दूरदर्शकाने या विषयाला अनपेक्षित वळण दिले. विश्वाच्या पहिल्या एक-दोन अब्ज वर्षांतील चिमुकले, तांबडे, बिंदूसारखे उद्गम त्याला मोठ्या संख्येने दिसले. त्यांच्या वर्णपटात रुंद रेषा आहेत. म्हणून प्रथम ते धूलिआच्छादित क्वासारच समजले गेले. परंतु तापलेल्या धुळीचे जे अवरक्त प्रारण अशा उद्गमांत अपेक्षित असते, ते यांपैकी बहुतेकांत मिळत नाही आणि क्ष-किरणही क्षीण आहेत. त्यामुळे त्यांचा तांबडेपणा धुळीचा नसून कृष्ण विवराला वेढणाऱ्या अतिदाट हायड्रोजन वायूचा असावा, असे मत २०२४ पासून बळावत गेले. आर्प २२० बाबत मात्र पुरावा उलट दिशेने अपुरा आहे : धूळ विपुल, ऊर्जा विपुल, पण तिच्या दोन केंद्रांपैकी एकात तरी क्वासार दडला आहे की नाही, हे सर्वमान्य झालेले नाही.